एका हंड्यातले तीन

फादरांनी सातही मुलांना परत पाठवलं, तेव्हा गुरुराव चर्चच्या मागच्या पत्र्याच्या शेडात ठसे धूत बसले होते. मे संपत आला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. गावाभोवती तंबाखूची रोपं वाफ्यांतच उंच होऊन पिवळी पडायला लागली होती. ज्याच्या रानात बोअर तो राजा, अशी अवस्था. ठसे धुवायला गुरुरावांना दर खेपेला मोजून एक बादली मिळायची, आणि त्या बादलीत ते जुन्या दाढीच्या ब्रशानं लाकडाच्या खाचांतला रंग काढत बसायचे.

गुरुराव म्हैसूरचे रंगारी. घरात मराठी, दारात कन्नड, असं सात पिढ्या चाललेलं. कापडावर लाकडी ठसे मारायचं काम त्यांच्या वयाच्या कुणीच आता करत नव्हतं. सत्तरीला आलेल्या माणसानं करावं असं त्यात काही राहिलंही नव्हतं. पण सून रम्या कुवेंपुनगरातल्या ज्या शाळेत शिकवते, तिथेच रेजिना टीचर चित्रकला शिकवतात. हुणसूर रस्त्यावरच्या त्यांच्या गावात सात मुलं यंदा चर्चमध्ये पहिल्यांदा परमप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताची भाकर, घेणार होती. त्याआधी त्यांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य समजायला हवं. तीन आहेत आणि एकच आहे. पाठ केलेली प्रश्नोत्तरं मुलं पोपटासारखी म्हणायची आणि दारातून बाहेर पडली की विसरायची.

"हातानं केलं तर राहील, सर," रेजिना टीचर घरी येऊन म्हणाल्या होत्या. "वेदीवर घालायचं कापड मुलांनीच छापायचं. तुम्ही ठसे शिकवा, देवाचं मी बघते."

देवाचं त्या बघणार होत्या, हे गुरुराव पहिल्याच शनिवारी विसरले. मुलं गोल करून बसली, ठसे मांडले, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"हे बघा. हा रेघेचा ठसा. हा आधी पडतो. हा पिता. त्याच्या मागनं पाकळ्या भरायचा ठसा, हा पुत्र. ते वाळलं की मधला ठिपका, तो आत्मा. तीन मिळून एक फूल. आयितु. झाला तुमचा देव."

मुलांचे डोळे चमकले. रेजिना टीचरांनाही ते इतकं पटलं की त्यांनी फळ्यावर तसं चित्रच काढून ठेवलं. पाच आठवडे मुलांनी फुलं छापली. आधी पिता, मग पुत्र, मग आत्मा.

आणि आज, परमप्रसादाचा त्रैक्याचा रविवार बारा दिवसांवर आला असताना, फादरांनी त्यांना एकेक करून विचारलं.

फादर शेडाच्या दारात येऊन उभे राहिले. चाळिशीचे असतील. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"सर, मुलं म्हणतात पिता आधी आला. पुत्र नंतर. मी विचारलं, पुत्र नव्हता तोपर्यंत पिता कसा होता? तर लूर्दमेरी म्हणाली, रिकामा होता फादर, नुसती रेघ."

गुरुरावांना हसू येणार होतं. फादरांचा चेहरा बघून ते आलं नाही.

"तिघांत कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही," फादर म्हणाले. "आणि एकेक म्हणजे देवाचा एकेक तुकडा नाही. प्रत्येकजण पूर्ण देव. तरी तीन देव नाहीत, एकच. तुमचं फूल सुंदर आहे. पण ते तुकड्यांचं आहे."

"मग आता?"

"आता घाई नको. परमप्रसादाचं सप्टेंबरात, मरियामातेच्या सणाला बघू. तोपर्यंत रेजिना टीचर पुन्हा शिकवतील."

फादर गेले. लूर्दमेरी तेवढी मागे राहिली. नऊ वर्षांची, किडकिडीत, दोन्ही गुडघ्यांवर खपल्या. तिची आई फिलोमिना कुवेतला एका घरात कामाला होती. दोन वर्षांनी चाळीस दिवसांची सुट्टी मिळाली होती, ती या रविवारासाठीच जमवलेली. रविवारी परमप्रसाद, सोमवारी विमान. पुन्हा येणार दोन वर्षांनी.

"अज्जा," लूर्दमेरी म्हणाली, "तुम्ही सांगितलं तेच मी सांगितलं."

रागानं नाही, रडून नाही. झालं ते सांगितलं आणि ती निघून गेली. गुरुरावांनी ओला ठसा पुन्हा बादलीत बुडवला. आपल्या हातून कापड बिघडलं असेल, दहा वेळा बिघडलं असेल. पण आजवर पोराचं काही बिघडलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

घरी त्यांनी ताट अर्धं ठेवलं. अनुसूयाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, ते पाहिलं. पाट सरकवून त्या समोर बसल्या, तसं त्यांनी सगळं सांगितलं.

अनुसूयाबाई ऐकत होत्या. त्यांच्या घरात दंडक होता: ठसा पुरुषानं मारायचा, धुणं, उकळणं, वाळवणं बायकांचं. लग्न होऊन आल्यापासून वीसेक वर्षं त्या मंजिष्ठेच्या हंड्यापाशी उभ्या राहिल्या. डब्यातले तयार रंग आले, हंडा माळ्यावर गेला, आणि हंड्याबरोबर त्यांचं कामही संपलं. कुणी त्यांना कधी कारागीर म्हटलं नव्हतं. त्यांनीही नाही.

"तुम्ही त्यांना ठशाचं दाखवलं," त्या म्हणाल्या. "त्या फादराला पाहिजे ते हंड्यात होतंय की."

"काय होतंय?"

"विसरलात? एकाच हंड्यात घालतो आपण. तुरटी लावली तिथे लाल येतो. हिराकस लावली तिथे काळा. दोन्ही मिसळून लावलं तर तपकिरी. हंड्यात रंग एकच, मंजिष्ठेचा. लालला थोडा, काळ्याला थोडा असं वाटून देतो काय कोणी?"

"ते रंगाचं झालं. देवाचं तुला काय गोत्तु, काय ठाऊक?"

"देवाचं गोत्तिल्ल," अनुसूयाबाई म्हणाल्या. "तुम्हाला होतं काय?"

गुरुराव उठून हात धुवायला गेले. या बाईनं आयुष्यात त्यांना असं कधी ऐकवलं नव्हतं. राग आला, आणि राग येण्याजोगं काहीच ती बोललेली नाही हेही कळत होतं. सकाळी त्यांनी शिडी लावली आणि माळ्यावरून हंडा खाली काढला. काळाठिक्कर पडला होता. अनुसूयाबाईंनी चिंच आणि राख घेऊन तो दुपारपर्यंत घासला.

मंजिष्ठा देवराज मार्केटाजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळाली. हिराकस, तुरटी, चिंचोक्याचं पीठ घरात जमवलं. बसमध्ये हंडा मांडीवर घेऊन बसायची वेळ आली. "अज्जा, लग्नाचा स्वयंपाक काय?" कंडक्टरनं विचारलं, आणि शेजारचे हसले. गुरुराव खिडकीबाहेर बघत राहिले. पन्नास वर्षं ज्या भांड्याला त्यांनी हात लावला नव्हता, ते हुणसूरच्या बसमध्ये मांडीला टोचत होतं.

फादरांनी दोघांचं म्हणणं उभ्याउभ्याच ऐकलं.

"मी शनिवारी येतो," ते म्हणाले. "बघतो, विचारतो. वचन देत नाही."

मुलं पुन्हा शेडात जमली. या खेपेला गुरुराव बसले नाहीत, उभे राहिले. घसा साफ केला.

"मी मागे सांगितलं ते चूक होतं. तुमच्या फादरांचं बरोबर आहे. तुमची काही चूक नाही. आता या अज्जी सांगतील तसं करायचं."

एवढं बोलायला त्यांना घाम फुटला. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. ती केव्हाच अज्जीच्या वाट्यांत काय आहे ते वाकून बघत होती.

अनुसूयाबाईंनी तीन वाट्यांत चिंचोक्याची खळ ओतली. एकीत तुरटीचं पाणी, एकीत हिराकशीचं, एकीत दोन्ही.

"हिरड्यात भिजवलं नाहीस कापड?" गुरुरावांनी हळूच विचारलं. "हिरड्याशिवाय काळा बसणार नाही."

"हिरडा बेडा, नकोच. हिरड्यावर हिराकस पडली की लगेच काळी होते. मग ही पोरं म्हणतील काळा आधी आला." त्या खळ ढवळत होत्या. "काळा नको. जांभळा बसेल. पण सगळे एकदम यायला पाहिजेत."

गुरुरावांनी ठसा पुसून पुढे ठेवला. इतका पुढचा विचार त्यांनी केला नव्हता.

ठसा एकच घेतला, साधा, पाच पाकळ्यांचा. प्रत्येक मुलानं तोच ठसा तीनदा मारायचा, दर वेळी धुऊन वेगळ्या वाटीत बुडवून. तीन फुलं, पाकळीला पाकळी लागून. ठसा ठेवायचा, मुठीनं वरून एकदाच ठोकायचं, हलवायचं नाही. मुलं श्वास रोखून ठोकत होती. शेवटच्या मुलाचं झालं तेव्हा पांढऱ्या कापडावर कुठे ओलसर डाग, कुठे गंजासारख्या फिकट पाकळ्या, एवढंच दिसत होतं. तुरटीची फुलं तर दिसतच नव्हती.

"काहीच आलं नाही," एक मुलगा म्हणाला.

"सामान तर लावलंय, रंग हंड्यातच येणार," अनुसूयाबाई म्हणाल्या. "आता वाळू द्या दोन दिवस."

अडचण पुढे होती. वाळलेलं कापड वाहत्या पाण्यात धुवावं लागतं. साचलेल्या पाण्यात धुतलं की सुटलेली तुरटी इकडची तिकडे बसते आणि सगळं कापड डागाळतं. नदी आटलेली. वाहतं पाणी एकाच ठिकाणी होतं, लूर्दमेरीचा बाप चौरप्पा याच्या रानात, बोअरपासून वाफ्यांपर्यंत जाणाऱ्या पाटात.

गुरुवारी दोघं तिथे गेले. चौरप्पा वाफ्यात उकिडवा बसून रोपं उपटत होता. पाऊस येवो न येवो, त्यानं लावणीला हात घातला होता. कंबर धरून उठला.

"अर्धा तास पाट द्या," गुरुराव म्हणाले. आयुष्यात कुणाकडे त्यांनी पाणी मागितलं नव्हतं.

"वीज तीन तास येते, सर. त्यात अर्धा तास तुमचं कापड. आणि ते औषधाचं पाणी माझ्या रोपांना?" त्यानं मान हलवली. "फादर नाही म्हणालेत ना? मग कशाला मुलांना परत आशा लावता? त्या दिवसापासून आमची पोर नीट जेवत नाही."

गुरुरावांनी मागे वळून पाहिलं. अनुसूयाबाई पुढे झाल्या आणि खाली वाकून एक पिवळं रोप त्यांनी बोटांत धरलं.

"पानं अशी पडली की काय फवारता?"

"हिराकस."

"तीच आहे की यात."

चौरप्पा त्यांच्याकडे बघत राहिला. मागे फिलोमिना रोपांची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. कुवेतचा झुळझुळीत झगा, वरून नवऱ्याचा जुना शर्ट, पाय चिखलात. तिनं पाटी उतरवली, पाटाचं तोंड खोऱ्यानं फोडलं आणि पाणी मोठं करून दिलं. चौरप्पा पुन्हा रोपं उपटायला बसला. ती आणि अनुसूयाबाई दोघींनी कापड दोन टोकांना धरून पाण्यात सोडलं. खळ सुटून वाहून गेली. गुरुराव काठावर उभे होते. धुणाऱ्या बाईचा हात किती वेळ पाण्यात राहतो, ते त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

शनिवारी शेडाबाहेर तीन दगडांवर हंडा चढला. मुलं, रेजिना टीचर, आणि जरा लांब हात मागे बांधून फादर. अनुसूयाबाईंनी पदर खोचला होता. पाण्यात मंजिष्ठेची पूड, त्यात कापड, आणि मग नुसतं काठीनं वरखाली करत राहायचं. थांबायचं नाही.

"उकळी येऊ द्यायची नाही," त्या मुलांना सांगत होत्या. "उकळलं की लाल मरतो, विटेसारखा होतो. हात स्वल्प सोसेल, स्वल्प सोसणार नाही, एवढंच." त्या मधूनमधून बोट बुडवून बघत. एक लाकूड ओढत, एक सारत. वरून ऊन, खालून जाळ. घाम हनुवटीवरून हंड्यात पडायला लागला तशी गुरुरावांनी पंच्यानं त्यांचं तोंड पुसलं. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. अनुसूयाबाईंनी काठी थांबवली नाही.

लूर्दमेरी हंड्याच्या अगदी जवळ होती. तिनंच आधी पाहिलं.

"अज्जी."

कापडाची एक घडी वर आली होती. जिथे काही नव्हतं तिथे लाल पाकळ्या होत्या. गंजाच्या डागांचं जांभळं फूल झालं होतं, आणि मधलं तपकिरी. अजून फिके होते, पण तिन्ही होते. पुढच्या घडीला तिन्ही अजून गडद. मुलं हंड्याभोवती सरकली. रेजिना टीचरांनी तोंडावर हात धरला होता. फादर पुढे आले आणि हंड्यात डोकावले.

कापड बाहेर काढून दोरीवर घातलं तेव्हा त्यांनी लूर्दमेरीला जवळ बोलावलं. गुरुराव एक पाऊल पुढे आले.

"आधी कोणता आला?"

"कुणीच नाही, फादर. मी बघत होते. एकदम आले."

"हंड्यातला किती रंग लालमध्ये गेला?"

लूर्दमेरीनं हंड्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. "सगळाच."

"मग जांभळ्याला काय उरलं?"

"सगळाच." एक मुलगा फिसकन हसला. तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "तोच आहे ना, फादर. दुसरा घातलाच नाही."

"पण लाल म्हणजे जांभळा का?"

"नाही. लाल तो लाल."

"हे कसं होतं?"

"ते मला गोत्तिल्ल. अज्जीला विचारलं. तिलापण गोत्तिल्ल. ती म्हणाली मी जाळ तेवढा सांभाळते."

फादरांनी बाकीच्या सहा जणांनाही विचारलं. कुणी अडखळलं, कुणी नीट सांगितलं. पण पिता रिकामा होता असं कुणी म्हणालं नाही. मग ते म्हणाले, "हे पण पूर्ण बरोबर नाही. देवाबद्दल आपण जे सांगतो ते थोडं चुकतंच." ते गुरुरावांकडे बघून म्हणाले की मुलांकडे, ते कळलं नाही. "उद्या आठ वाजता. पांढरे कपडे. उशीर नको."

गुरुराव शेडाच्या मागे जाऊन एकटेच उभे राहिले. डोळे पुसायला पंचा होताच, पण त्याला सगळीकडे मंजिष्ठा लागली होती.

रविवारी कापड वेदीवर होतं. पांढरी जागा अजून गुलाबी होती. ती उजळायला आठवडाभर ऊन खावं लागतं, आणि तेवढा वेळ नव्हता. दोघं शेवटच्या बाकावर बसले, गुरुराव टोपी मांडीवर घेऊन. कन्नड प्रार्थना कळत होत्या, कधी उठायचं कधी बसायचं ते कळत नव्हतं. समोरच्याचं बघून उठत होते. मुलं पुढे गेली. पांढऱ्या झग्यातली लूर्दमेरी हात जोडून उभी होती. तिचे तळवे लालसर होते, लिंबू लावूनही रंग निघाला नव्हता. तिनं तसेच पुढे केले आणि फादरांनी त्यांवर परमप्रसाद ठेवला. फिलोमिना बाकाची कड धरून उभी होती. गुरुरावांना वाटलं, एवढ्यासाठी ही बाई समुद्र ओलांडून आली आणि आपण ते घालवणारच होतो. त्यांनी मनातल्या मनात स्वतःच्या देवीला नमस्कार केला. दुसरा कुठला त्यांना येत नव्हता.

बाहेर झाडाखाली केक कापत होते. फिलोमिना गर्दीतून वाट काढत दोघांपाशी आली. वाकून पायांना हात लावला. गुरुराव मागे सरले.

"उद्या किती वाजता?" अनुसूयाबाईंनी विचारलं.

"पहाटे निघायचं, बंगळूरला." ती जरा थांबली. "मला भीती होती, मागच्या वेळेसारखी गाडीमागे धावेल. नाही धावणार. सकाळी वेणी घालताना मला सांगत होती. म्हणाली, अम्मा, तू गेलीस तरी इकडे कमी होत नाहीस. तिकडे सगळी असतेस, इकडे पण सगळी. हंड्यातल्या रंगासारखी."

"शहाणी आहे," गुरुराव म्हणाले.

"मी हो म्हटलं." फिलोमिना हसायला गेली आणि ते तिला जमलं नाही. "पण अज्जा, तसं नाही ना. त्या घरात दोन लहान मुलं आहेत. मी त्यांना न्हाऊ घालते, भरवते, निजवते. मोठी पडली तर आधी माझ्याकडे येते, तिच्या आईकडे नाही. जेवढी तिकडे जाते तेवढी इकडची संपते. मागच्या वर्षी फोनवर मी हिला त्या मुलीच्या नावानं हाक मारली. मी देव नाही, अज्जा. माझे दोन तुकडेच होतात."

गुरुराव एकदा उत्तर देऊन बसले होते. आता त्यांनी तोंड उघडलं नाही. अनुसूयाबाईंनी फिलोमिनाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पलीकडे लूर्दमेरी कागदाच्या बशीत केक घेऊन, झग्यावर सांडू नये म्हणून बशी पुढे धरून, हळूहळू त्यांच्याकडे येत होती.

"ते तिला सांगू नको," अनुसूयाबाई म्हणाल्या.

फिलोमिनानं मान हलवली, डोळे पुसले आणि बशी घ्यायला पुढे गेली.